वऱ्हाडची भाकरी आणि उष्मांकांचा हिशेब

बुलढाणा जिल्ह्याचे निसर्गानेंच दोन भाग पाडले आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हा घाटावरील मुलूख. आणि खालीं पूर्णेच्या खोऱ्यांत मलकापूर, नांदुरा, शेगांव, जळगांव जामोद हा काळ्या जमिनीचा मुलूख. वरची जमीन पुष्कळ ठिकाणीं हलकी व उथळ, खालची खोल व चिकट. पूर्णाकांठीं तर खारपाणपट्टा, जेथें विहिरीचें पाणी तोंडांत धरवत नाहीं. इतक्या भिन्न अशा या दोन मुलखांस एका पंक्तीला बसविणारी वस्तु एकच होती, आणि ती म्हणजे ज्वारीची भाकरी.

या भाकरीभोंवतीं जें जेवण उभें राहिलें, तें कोणा वैद्यानें आंखून दिलेलें नव्हतें. तें शेताच्या रचनेंतूनच आलें होतें. ज्वारीच्या ओळींमध्यें तूर, मूग, उडीद, धुऱ्यावर अंबाडी, रब्बींत जवस व करडई, परसांत मिरची व वांगीं. म्हणून ताटांत भाकरीबरोबर वरण किंवा पिठलें, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, मिरचीचा ठेचा आणि घरचें ताक. गरिबाच्या घरीं यांतील दोनच पदार्थ असत, संपन्नाच्या घरीं सर्व. पण घडण तीच. इ. स. १८७८ मध्यें शेगांवीं प्रकट झालेल्या श्रीगजानन महाराजांच्या प्रकटदिनीं आजही भक्तांच्या घरीं नैवेद्यास पक्वान्नाच्या जोडीला झुणका-भाकरी व अंबाडीची भाजी असते. जें अन्न रोजचें होतें, तेंच येथें देवाचेंही झालें.

या अन्नाची एक खूण लक्षांत घेण्यासारखी आहे. ज्वारीचा दाणा सबंध दळला जातो. त्याचा कोंडा व कोंब दोन्ही पिठांत उतरतात. कोंबांत स्निग्धांश असल्यामुळें हें पीठ फार दिवस टिकत नाहीं. शिळ्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापतांना ती चिरते. म्हणून गृहिणी पहाटे उठून त्या दिवसापुरतेंच दळण दळीत असे. जात्यामागचे कष्ट मोठे होते, त्यांचें कौतुक करण्याचें कारण नाहीं. गिरणी आली तेव्हां बायकांचे हात सुटले हें चांगलेंच झालें. परंतु ताजें व सबंध पीठ खाण्याची रीत त्या कष्टांतूनच पडली होती.

धान्याचें मोजमाप त्या काळींही होतें. शेर, पायली, मण, खंडी हीं मापें घरोघर चालत. सालदाराचा मोबदला पुष्कळ अंशीं ज्वारीच्या रूपानें ठरे. पण मोजलें जाई तें कोठारांतलें धान्य, ताटांतला घांस नव्हे. काळ्या मुलखांत कोरड्या, टणक जागीं पेंव खणून, आंतून कडब्याचें अस्तर देऊन ज्वारी भरीत आणि तोंड मातीनें लिंपून टाकीत. तें उघडल्यावर आंतील कोंदट हवा निघून जाईपर्यंत कोणी खालीं उतरत नसे. अशा पेंवांत धान्य वर्षानुवर्षें राही. एक पाऊस हुकला तर गांवाचा आधार तेंच.

हा आधार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ढिला झाला. १८५३ च्या तहानें वऱ्हाड निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखालीं आलें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, तेथील कापूस इंग्लंडांत जाईनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची दृष्टि वऱ्हाडाकडे वळली. आगगाडी पूर्णेच्या खोऱ्यांतून धांवूं लागली. जलंबहून खामगांवास फांटा काढण्यांत आला आणि १८७० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनीं खामगांवीं येऊन त्याचें उद्घाटन केलें. कापसानें हातांत रोकड आली हें खरें. पण ज्वारी पेरणारा कुणबी हळूहळू ज्वारी विकत घेणारा होऊं लागला. वऱ्हाडांतील कापूस आणि दुष्काळ यांचा हा संबंध इतिहासकार लक्ष्मण सत्य यांनीं विस्तारानें मांडला आहे. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांचा घाव या प्रांतावर खोल बसला. पेंवें रिकामीं असतां खिशांतला रुपया फार दिवस पुरत नाहीं, हा धडा त्या वर्षांनीं दिला.

याच काळांत ताटांतला घांस मोजण्याची कल्पना हिंदुस्थानांत अवतरली, आणि ती दुष्काळाच्या कामावरच अवतरली. १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांची दक्षिणेंतील दुष्काळाच्या पाहणीसाठीं नेमणूक झाली. हे गृहस्थ पूर्वीं नागपुरास मध्यप्रांताचे चीफ कमिशनर होते. सरकारी खर्च आटोक्यांत ठेवण्यासाठीं त्यांनीं असें ठरविलें कीं, कामावरील पुरुष मजुरास रोज एक पौंड धान्याची किंमत व वर अल्पशी रोकड एवढीच मजुरी पुरेशी आहे. मुंबई इलाख्यांत हजारों मजुरांनीं या मजुरीवर काम करण्यास नकार देऊन कामें सोडलीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. मद्रासेस सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनीं तर या शिध्यावर मजूर खंगत जातात असें स्पष्ट बजाविलें, आणि अखेर त्या इलाख्यांत मजुरी वाढवावी लागली.

एक पौंड धान्य म्हणजे साडेचारशें ग्रॅमच्या आसपास. आजच्या हिशेबानें त्यांतून सुमारें सोळाशें उष्मांक मिळतात. खडी फोडणाऱ्या पुरुषास याच्या दुपटीहून कमी पुरत नाहींत. पण दोष केवळ आंकडा लहान असण्याचा नव्हता. माणसाचें अन्न म्हणजे एंजिनांत घालावयाचा कोळसा, इतकें वजन घातलें कीं इतकें काम निघावें, ही समजूतच त्याच्या मुळाशीं होती.

पुढें या समजुतीस शास्त्राचें रूप आलें. अमेरिकेंत कनेक्टिकट संस्थानांतील मिडलटाउन येथें प्राध्यापक ॲटवॉटर यांनीं १८९० नंतरच्या दशकांत माणसाला एका बंदिस्त कोठडींत ठेवून त्याच्या शरीरांतून निघणारी उष्णता मोजली आणि कोणत्या अन्नापासून किती उष्मांक मिळतात याचीं कोष्टकें सिद्ध केलीं. हें काम मोलाचें होतें. उपासमार ओळखण्यास त्यामुळें निश्चित माप मिळालें. परंतु १९१८ सालीं लुलू हंट पीटर्स नांवाच्या डॉक्टरबाईंचें पुस्तक निघालें आणि तेंच माप लठ्ठपणाच्या कामीं आलें. पदार्थाचें नांव न घेतां त्याचे उष्मांकच घ्यावे, असा त्यांचा वाचकांस उपदेश होता. उपाशी माणसास किती द्यावें हें ठरविणारा आंकडा आतां खाऊन सुखी असलेल्या माणसानें किती सोडावें हें सांगूं लागला.

तोंपर्यंत दुसऱ्या वाटेनें गेलेल्या संशोधकांस उष्मांकांत न मावणारें कांहीं सांपडलें होतें. जावा बेटांत आयकमन यांस आढळलें कीं, सडलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात व कोंडा घालतांच बऱ्या होतात. यांतूनच जीवनसत्त्वांचा शोध पुढें आला. दक्षिणेंत कुन्नूर येथें रॉबर्ट मॅकॅरिसन यांनीं हिंदुस्थानांतील निरनिराळ्या लोकांचे आहार उंदरांना घालून त्यांची वाढ पाहिली. सबंध गव्हाची पोळी, दूध, डाळ व भाजीपाला असलेला शिखांचा आहार पहिला ठरला. शिखांच्या व पठाणांच्या खालोखाल मराठ्यांच्या आहाराचा क्रमांक लागला. सडलेल्या तांदळावर अवलंबून असलेले आहार शेवटीं राहिले. त्याच प्रयोगशाळेचे पुढचे संचालक ॲक्रॉइड यांनीं १९३७ सालीं हिंदी अन्नपदार्थांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. ती संस्था पुढें हैदराबादेस गेली.

तिच्याच १९८९ सालच्या कोष्टकांतील चार ओळी शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. शंभर ग्रॅम ज्वारीचे उष्मांक ३४९, सडलेल्या तांदळाचे ३४५, कणकेचे ३४१, मैद्याचे ३४८. उष्मांकांवरच भिस्त ठेवणाऱ्यास हे चारी पदार्थ सारखेच. पण लोह पाहिलें तर ज्वारींत ४.१ मिलिग्रॅम, तांदळांत ०.७, कणकेंत ४.९ आणि मैद्यांत २.७. ‘ब१’ जीवनसत्त्व ज्वारींत ०.३७ मिलिग्रॅम, तांदळांत अवघें ०.०६, कणकेंत ०.४९ तर मैद्यांत ०.१२. कणीक व मैदा हीं एकाच गव्हाचीं लेंकरें. चाळणीनें त्यांच्यांत जें अंतर पाडलें, तें उष्मांकांच्या रकान्यांत दिसतच नाहीं.

वऱ्हाडच्या शेजारींच वर्धा येथें डिसेंबर १९३४ मध्यें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि गांधीजींनीं हातसडीचा तांदूळ, सबंध गव्हाचें पीठ, गूळ व हिरवा पाला यांचा पुरस्कार सुरू केला. त्यांच्या दृष्टीनें हा प्रश्न दुहेरी होता: गिरणींत कोंडा गेला कीं शरीराचा कस जातो आणि कांडणाऱ्या-दळणाऱ्या हातांची मजुरीही जाते. आहाराचा प्रश्न खेड्याच्या अर्थकारणापासून तोडतां येत नाहीं, ही त्यांची दृष्टि खामगांवच्या कापूसबाजाराचा इतिहास पाहतां सार्थ वाटते.

तथापि भाकरीचा अभिमान धरतांना एक गोष्ट विसरतां येत नाहीं. नुसती ज्वारी खाऊन राहणाऱ्या दख्खनच्या गरिबांत ‘पेलाग्रा’ नांवाचा त्वचेचा व मनाचा विकार दिसून येई. ज्वारींतील ‘ल्युसिन’ या द्रव्याचें आधिक्य त्यास कारण असावें, असें मत डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं मांडलें. त्यावर पुढें मतभेदही झाले. पण जेथें ताटांत डाळ, दूध व भाजी होती तेथें हा रोग रेंगाळला नाहीं, हें निश्चित. ज्वारींत जें ‘लायसिन’ कमी पडतें, तें तुरीच्या वरणांत व बेसनाच्या पिठल्यांत विपुल असतें. म्हणजे गुण एकट्या भाकरीचा नव्हे, त्या संपूर्ण ताटाचा. सबंध अन्न म्हणजे केवळ सबंध दाणा नव्हे, तर सबंध जेवण.

स्वातंत्र्यानंतर उष्मांक पुन्हां गरिबीच्या प्रश्नाकडे वळला, आणि त्या वादांत मराठी विद्वान अग्रभागीं होते. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनीं १९७१ सालीं माणशीं रोज २,२५० उष्मांक ही दारिद्र्याची कसोटी धरली. १९७९ सालीं सरकारी कृतिगटानें खेड्यांस २,४०० व शहरांस २,१०० अशी रेघ ओढली. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनीं तिला हरकत घेतली. निरोगी माणसाचें खाणें व खर्चणें दिवसागणिक बदलतें आणि शरीर कांहीं मर्यादेंत स्वतःस जुळवून घेतें, म्हणून एकच आंकडा सर्वांस लावूं नये, असें त्यांचें म्हणणें. यानें भूक झांकली जाईल, ही दांडेकरांची भीति. दोघांचेंही म्हणणें जपून ठेवण्यासारखें आहे: भुकेची दखल घेण्यास आंकडा लागतो, पण शरीर आंकड्याचें गुलाम नसतें.

इकडे बुलढाण्याच्या शेतांत मोठा पालट झाला. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रानें परदेशी ‘मिलो’ ज्वारी खाऊन दिवस काढले. पुढें शिधावाटपाच्या दुकानांतून मुख्यतः गहू व तांदूळ येऊं लागले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें त्यांस हक्काचें रूप आलें आणि जानेवारी २०२३ पासून तें धान्य विनामूल्य झालें. उपासमार टळली, हा लाभ लहान नाहीं. पण त्याच वेळीं ज्वारीच्या शेतांत सोयाबीन आलें, ज्याचा दाणा घरच्या चुलीवर चढत नाहीं, तेलाच्या कारखान्यांत जातो. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरडधान्यांचें म्हणून साजरें केलें, तेव्हां जी भाकरी एके काळीं सालदाराचें अन्न होती, ती शहरांतील भोजनगृहांत मानाचा पदार्थ झाली होती.

शास्त्रही आतां जुन्या ताटाकडे वळून पाहत आहे. २०१९ सालीं अमेरिकेंत केव्हिन हॉल यांनीं वीस माणसांस दोन आठवडे कारखान्यांत अतिसंस्कारित केलेलें आणि दोन आठवडे साधें, नैसर्गिक अन्न दिलें. दोन्हींतील वाढलेले उष्मांक, साखर, स्निग्धांश व चोथा सारखे ठेवून हवें तितकें खाण्याची मोकळीक दिली. पहिल्या प्रकारचें अन्न पुढें असतां माणसें रोज सुमारें पांचशें उष्मांक अधिक खात व त्यांचें वजन वाढे. दुसऱ्या प्रकारांत तें उतरे. त्यांस मोजावयास कोणीही सांगितलें नव्हतें. २०१८ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगांत ६०९ माणसांस उष्मांक न मोजतां साधें, सकस अन्न खाण्यास सांगण्यांत आलें. वर्षअखेर त्यांचें वजन सरासरी पांच ते सहा किलोनें उतरलें, मग त्यांनीं स्निग्धांश कमी केलेला असो वा पिष्टान्न.

यावरून उष्मांक खोटे ठरत नाहींत. ज्यास मधुमेहाचें औषध चालू आहे, जो आजारांतून उठला आहे, किंवा ज्याच्या घरीं अन्नच अपुरें आहे, त्याच्यासाठीं मोजणारा वैद्य व मोजणारें सरकार आवश्यकच आहे. परंतु निरोगी घराच्या स्वयंपाकघरांत तराजू व कोष्टक यांच्या आधीं दोन साधे प्रश्न येतात: हें अन्न दाण्याच्या किती जवळ आहे, आणि ताटांत त्याच्या सोबतीस काय आहे? भाकरी, वरण, पालेभाजी, चटणी व ताक यांनीं त्यांचें उत्तर पूर्वींच दिलेलें आहे. तें उत्तर टिकवावयाचें असेल, तर शहरांतील गृहिणीनें बाजारांत ज्वारी मागितली पाहिजे आणि घाटावरच्या शेतकऱ्यास ती पेरणें परवडलें पाहिजे. कारण शेतांतून जें जातें, तें ताटांत फार दिवस राहत नाहीं.