घरमालक वर राहतो आणि झोपू देत नाही. भाडेकरूने काय करावं?

चाकण, भोसरी, तळवडे भागात मालक वर आणि भाडेकरू खाली, हे नेहमीचंच. नाइट शिफ्ट करून सकाळी डोळा लागतो न लागतो, तोच वर पलंग सरकतो किंवा ड्रिल सुरू होतं.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते ६. थोडक्यात, नाइटवाल्याची ‘रात्र’ कायद्याला माहीतच नाही!

रात्री १० नंतर साउंड सिस्टिम किंवा बांधकामाची यंत्रं चालू असतील तर ११२ वर फोन करा. मुलांची धावपळ, भांड्यांची आदळआपट यावर पोलीस फार तर समज देतील.

दिवसाच्या झोपेसाठी बोलणंच कामी येतं. शिफ्टचं वेळापत्रक व्हॉट्सॲपवर पाठवा: “काका, या आठवड्यात नाइट आहे, दोनपर्यंत ड्रिल नको.” पलंगाच्या पायांना रबरी बुचं स्वतःच आणून दिलीत तर उत्तम.

खरी भीती असते ती ‘खोली खाली करा’ची. म्हणून आधी करार काढून नोटीस आणि लॉक-इनचा कालावधी वाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केलेली नसेल, तर अटींच्या वादात मालक उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. भाडं आणि डिपॉझिट मात्र रोखीने देऊ नका, यूपीआयने द्या.