सरळ रस्त्यावर फिरणारा पंप

नामपूरहून सटाण्याकडे निघालेली जुनी स्कॉर्पिओ सरळ रस्त्याला लागते. चालकाचा हात स्टिअरिंगवर नुसता टेकलेला असतो. तरीही बॉनेटखाली पट्ट्यावर चालणारा एक पंप अखंड तेल फिरवत राहतो आणि त्यासाठी इंजिन डिझेल जाळत असते. या रिकाम्या फेऱ्यांचा इतिहास जवळपास शंभर वर्षांचा आहे.

१९२६ साली अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग गाडीत बसवून दाखवले. त्याची खरी बुद्धिमत्ता झडपेत होती : गाडी सरळ जाताना तेल मोकळे वाहावे, चाक वळताच दाब निर्माण व्हावा. जनरल मोटर्सने रस घेतला. पण महामंदीत हा खर्च परवडेना. दुसऱ्या महायुद्धात चिलखती गाड्यांनी ही यंत्रणा स्वीकारली आणि १९५१ मध्ये क्रायस्लर इम्पीरियलमधून ती बाजारात आली. अमेरिकेत पेट्रोल तेव्हा स्वस्त होते. पंप रिकामा फिरल्याचे दुःख कोणाला?

१९७३च्या तेलसंकटाने तो निश्चिंतपणा संपवला. १९८८ मध्ये जपानच्या चिमुकल्या सुझुकी सर्व्होत पंपाऐवजी विजेची मोटर आली. लहान इंजिनाला पंपाचा भार अधिकच जाणवतो. मोटर मात्र चाक वळवतानाच भरीव वीज घेते. ती वीजही अखेर इंधनातूनच येते, म्हणून बचत ३ ते ५ टक्क्यांच्या आसपासच मानली जाते.

महिंद्राच्या नाशिक कारखान्याने हे स्थित्यंतर स्वतःच्या अंगणात पाहिले. २००२ची स्कॉर्पिओ तेथून पंपासह बाहेर पडली; २०१९च्या एक्सयूव्ही३००ला विजेचे स्टिअरिंग मिळाले. मधल्या काळात, २०१७ पासून, गाड्यांच्या इंधनवापरावर सरकारी मर्यादा लागू झाली होती. हा बदल चालकांच्या आग्रहातून घडला असे म्हणवत नाही. तेलाच्या स्टिअरिंगमधून रस्ता हाताला अधिक कळतो, असे सांगणारे आजही पुष्कळ आहेत.

मग जुन्या स्कॉर्पिओतच मोटर बसवली तर? वर्षाला १,००० लिटर डिझेल लागत असेल, तर ४ टक्क्यांच्या हिशेबाने ४० लिटर वाचतील. त्यासाठी मोटरसह नवा स्टिअरिंग दांडा, संवेदक, नियंत्रक आणि जादा वीजप्रवाह पेलणारी तारजोडणी लागेल; शिवाय चूक झाली तर ती भर वळणावर उघड होईल. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलांत फरक करण्यास मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले. पुढच्याच महिन्यात एक्सयूव्ही३०० बाजारात आली.