दिवाळीचा पैसा येतो कुठून? अकोले तालुक्यातल्या रिबेट, बोनस आणि उचलीचं गणित

'दिवाळी' हा शब्द आपण सणासाठी वापरतो, तसाच पैशासाठीही वापरतो. "मालकानं दिवाळी दिली का?" असं कुणी विचारलं तर तो फराळाबद्दल विचारत नसतो. दिलेली 'दिवाळी' म्हणजे मालकाची मेहेरबानी, असाच त्या वाक्याचा सूर असतो. पण हा पैसा नेमका कुणाचा असतो, हे बघायला गेलं तर मामला वेगळाच निघतो.

हे समजून घ्यायला अकोले तालुका चांगला आहे. (अकोले, अकोला नव्हे. विदर्भातलं अकोला वेगळं. हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचं अकोले, कळसूबाई आणि भंडारदऱ्याचं.) या एका तालुक्यात दोन वेगळ्या दिवाळ्या होतात. प्रवरेच्या काठाने पूर्वेकडे ऊस, कांदा आणि दुधाचा पट्टा आहे. राजूरच्या पुढे घाटमाथ्याकडे महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावं, पावसाचं भात, नागली आणि वरई. पूर्वेला दिवाळीचा पैसा बँकेच्या खात्यात येतो. पश्चिमेला तो बहुतेकदा मजुरीतून किंवा उधारीतून उभा करावा लागतो.

दुधाचं रिबेट म्हणजे नक्की काय?

सहकारी संस्थेला दूध घालणाऱ्याला दर दहा दिवसांनी किंवा पंधरवड्याने पगार होतो. होय, गावाकडे दुधाच्या बिलालाही 'पगार' म्हणतात. पण वर्षभराचा हिशोब झाल्यावर संघाकडे जी शिल्लक उरते, तिच्यातून लिटरमागे काही रक्कम उत्पादकाला परत दिली जाते. नगर-नाशिक भागात तिला 'रिबेट' म्हणतात, कोल्हापुरात 'गोकुळ'चे सभासद 'फरक' म्हणतात. ती साधारण दिवाळीच्या आधी वाटतात. जितके लिटर दूध वर्षभरात घातलं, तितकं रिबेट.

आता यात गंमत अशी की बातम्यांमध्ये हे 'उत्पादकांची दिवाळी गोड' अशा मथळ्याखाली येतं आणि सोबत अध्यक्षांचा फोटो असतो. पण सहकारी संघाचे मालक सभासदच असतात. रिबेट म्हणजे त्यांच्याच दुधाचा, तेव्हा न दिलेला भाव. ज्या गायीने जानेवारीत दूध दिलं, तिच्या दुधाचे उरलेले पैसे ऑक्टोबरमध्ये मिळतात आणि मधल्या काळात ते संघाला वापरायला मिळतात. कधी कधी या रकमेतून भागभांडवल किंवा डिबेंचर म्हणून कपातही होते. त्यामुळे रिबेट किती जाहीर झालं यापेक्षा हातात किती पडलं, हे बघावं लागतं.

तरी उत्पादकाला हे आवडतं, आणि त्याला कारण आहे. पंधरवड्याचा पगार पेंड, सुग्रास आणि डॉक्टरात जातो. एकरकमी आलेलं रिबेट मात्र कपड्यांना, मुलीच्या माहेरपणाला उरतं. ही सक्तीची का होईना, पण बचत आहे.

महाराष्ट्रात आज बरंचसं दूध खासगी डेअऱ्यांकडे जातं. त्या दिवाळीला काही देतातही, पण तो उत्पादक टिकवण्यासाठीचा व्यवहार असतो, सभासदाचा हक्क नसतो. मुळात भावच कमी असेल तर दिवाळीच्या रिबेटने तो भरून निघत नाही. म्हणूनच दूधदराच्या आंदोलनात अकोल्याचं नाव सतत येतं. किसान सभेचे डॉ. अजित नवले इथलेच. 2024 मध्ये राज्य सरकारने गायीच्या दुधाला आधी लिटरमागे 5 रुपये आणि 1 ऑक्टोबरपासून 7 रुपये अनुदान जाहीर केलं. दिवाळी आणि विधानसभा निवडणूक दोन्ही तोंडावर होत्या.

उसाची दिवाळी

अकोल्यात अगस्ती सहकारी साखर कारखाना आहे. सहकारी कारखानदारीत उसाचे पैसे हप्त्यांनी देण्याची जुनी रीत आहे: गाळपानंतर पहिली उचल, मग पोळ्याला एखादा हप्ता आणि शेवटचा दिवाळीला. सोबत सभासदांना सवलतीच्या दरात साखर. कायदा याहून कडक आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गेल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान भाव, द्यायचा असतो. उशीर झाला तर 15 टक्के व्याज. महाराष्ट्र सरकारने 2022 मध्ये एफआरपी दोन टप्प्यांत द्यायला परवानगी दिली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केली. थोडक्यात, एफआरपीच्या वर मिळालेला दिवाळीचा हप्ता हा खरा जादा पैसा. एफआरपीतलाच राहिलेला असेल, तर ती थकबाकी आहे.

बोनस: व्हॉट्सॲपवरची गोष्ट आणि खरी गोष्ट

दर दिवाळीला एक मेसेज फिरतो. पूर्वी पगार आठवड्याला मिळायचा, 52 आठवडे म्हणजे चार-चार आठवड्यांचे 13 पगार. इंग्रजांनी महिन्याचा पगार सुरू करून तेरावा पगार खाल्ला आणि कामगारांनी भांडून तो 1940 मध्ये बोनस म्हणून परत मिळवला, असं त्यात असतं. ऐकायला छान आहे. पण महिन्याचा पगार 28 दिवसांचा नसतो, 30-31 दिवसांचा असतो, तेव्हा तेराव्या पगाराची चोरी इथेच बाद होते.

खरा इतिहास मुंबईच्या गिरण्यांमध्ये सापडतो आणि तो जास्त रंजक आहे. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना प्रचंड नफा झाला, महागाईही वाढली, तेव्हा मालकांनी कामगारांना बोनस द्यायला सुरुवात केली. पुढे नफा घटल्यावर तो बंद केला. त्यावरून 1924 च्या सुरुवातीला मुंबईतल्या गिरणी कामगारांनी मोठा संप केला. सरकारने नेमलेल्या समितीने निष्कर्ष काढला की बोनस हा कामगारांचा कायदेशीर हक्क नाही. म्हणजे मालकाने दिला तर दिला. तो हक्क व्हायला पुढे चाळीस वर्षं लागली: 1965 मध्ये बोनस कायदा आला, तेव्हा किमान दर 4 टक्के होता. 1972 मध्ये तो 8.33 टक्के झाला.

8.33 हा विचित्र आकडा कुठून आला? 100 भागिले 12. वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजेच एका महिन्याचा पगार. तेरावा पगार असा आकड्यात लपलेला आहे.

पण पूर्ण महिन्याचा पगार मात्र मिळत नाही. कायद्यात पात्रतेची मर्यादा महिना 21,000 रुपये आणि हिशोबासाठी धरायचा पगार 7,000 रुपये किंवा किमान वेतन, यातला जो जास्त असेल तो, अशी होती. 7,000 धरले तर वर्षाचा किमान बोनस सुमारे 7,000 आणि कमाल, म्हणजे 20 टक्क्यांनी, 16,800 रुपये. आस्थापनेत किमान 20 माणसं हवीत आणि कामगाराने वर्षात किमान 30 दिवस काम केलेलं हवं. हिशोबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस द्यायचा. मार्चअखेर वर्ष संपलं की मुदत नोव्हेंबरअखेर. कायद्यात दिवाळीचा उल्लेख नाही, पण मुदत बरोबर तिच्या आसपास संपते. नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा वेतन संहितेत सामावला गेला, 8.33 टक्के, आठ महिने आणि 20 माणसांची अट तिथेही कायम आहे.

या 20 माणसांच्या अटीमुळे अकोल्यासारख्या तालुक्यातलं कापडदुकान, हॉटेल, गॅरेज, भंडारदऱ्याचा टेंट कॅम्प जवळपास सगळेच बाहेर राहतात. तिथे 'दिवाळी' मालकाच्या मनावर.

फिलिपिन्समध्ये हाच प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला आहे. तिथे सण ख्रिसमसचा, आणि त्याची तयारी सप्टेंबरपासूनच सुरू होते. फर्डिनंड मार्कोस यांनी डिसेंबर 1975 मध्ये एका हुकमाने 'तेरावा पगार' सक्तीचा केला. वर्षभरातल्या मूळ पगाराचा बारावा हिस्सा 24 डिसेंबरपर्यंत द्यायचाच. सुरुवातीला तो महिना 1,000 पेसोपर्यंत पगार असणाऱ्यांनाच होता. 1986 मध्ये कोराझॉन अक्विनो यांनी ही मर्यादा काढून टाकली. कंपनीला नफा झाला की तोटा, हा प्रश्न नाही. माणसं 20 आहेत की दोन, हाही नाही. 2013 च्या कायद्याने तर घरकाम करणाऱ्या बाईलाही तेरावा पगार मिळतो. आपल्याकडे घरकामवाल्या मावशींना साडी द्यायची की पगार, हे अजून घरोघरी ठरतं.

भाऊबीज भेट: 2,000 आणि 29,000

सरकारी बोनसमध्येही अंतर आहेच. 2024 च्या दिवाळीत मुंबई महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना 29,000 रुपये सानुग्रह अनुदान मिळालं. राज्यातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीसांची 'भाऊबीज भेट' आहे 2,000 रुपये. अकोल्याच्या डोंगराळ वाड्यांमध्ये पोषण आहार, वजनं, लसीकरणाची माहिती हे सगळं सेविकाच बघते. पण तिला कर्मचारी न मानता 'मानधनी' मानलं जातं, म्हणून बोनस नाही, भेट. शब्द बदलला की रक्कमही बदलते.

2022 मध्ये रेशनकार्डधारकांना 100 रुपयांत रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल असा 'आनंदाचा शिधा' सुरू झाला. 2025 च्या दिवाळीत तो मिळाला नाही. 2024 मध्ये 'लाडकी बहीण'चे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे मिळून 3,000 रुपये दिवाळीआधीच खात्यात आले. हातात एकदम पैसे आल्याने बाजारात गर्दी झाली. पण तो पुढच्या महिन्याचाच हप्ता होता. ज्याला मजूर 'उचल' म्हणतात, तेच.

पश्चिमेची दिवाळी

कुमशेत, रतनवाडी, घाटघर या बाजूला दिवाळीच्या सुमाराला भाताची सोंगणी सुरू असते. म्हणजे घरात धान्य येण्याच्या बेतात, पण रोकड नाही. आदिवासी विकास महामंडळ हमीभावाने भात घेतं. 2025-26 साठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये आहे. पण केंद्र सुरू होऊन पैसे खात्यात येईपर्यंत सण बहुतेकदा उलटलेला असतो. मग चार पोती व्यापाऱ्याला आधीच, कमी भावात दिली जातात. किंवा किराणा उधार.

या उधारीचा इतिहास तालुक्यात जुना आहे. देवगावचे राघोजी भांगरे यांनी 1840 च्या दशकात इंग्रजांविरुद्ध आणि सावकारांविरुद्ध बंड केलं, ते आदिवासींच्या जमिनी कर्जापायी जात होत्या म्हणूनच. 1848 मध्ये ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. स्वातंत्र्यानंतर सरकारने पावसाळ्यातल्या उपासमारीच्या महिन्यांसाठी 'खावटी' कर्ज सुरू केलं, ते सावकाराला पर्याय म्हणून. कोरोनाकाळात त्याच नावाने कुटुंबाला 4,000 रुपयांचं अनुदान दिलं गेलं, निम्मं रोख आणि निम्मं वस्तूंत.

जादा कमाईचे मार्ग आहेत. बचत गटाच्या बायका चकली-शंकरपाळ्यांच्या ऑर्डरी घेतात, सुट्टीत भंडारदऱ्याला येणाऱ्या पर्यटकांना जेवण आणि मुक्कामाची सोय देतात, घरचा इंद्रायणी किंवा काळभात पाच-पाच किलोच्या पिशव्यांत विकतात. तोच तांदूळ व्यापाऱ्याला भात म्हणून देण्यापेक्षा यात कितीतरी जास्त सुटतात. अट एवढीच की गाव पर्यटनाच्या रस्त्यावर हवं. बाकीच्यांसाठी भाऊबीज झाली की नारायणगाव. तिथल्या मजुरांच्या अड्ड्यावर सकाळी उभं राहायचं, टोमॅटो किंवा द्राक्षाच्या बागेत रोजावर जायचं.

रोजाने जाणारा निदान मोकळा असतो. उचल घेतलेल्याचं तसं नाही. ऊसतोड मजूर मुकादमाकडून आणि वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबं भट्टीमालकाकडून आगाऊ रक्कम घेतात, सण त्यात करतात आणि मग हंगामभर ती फेडतात. शेतकऱ्याची 'पहिली उचल' म्हणजे त्याच्या विकलेल्या उसाचे पैसे. मजुराची उचल म्हणजे त्याने अजून न केलेल्या कामाचं कर्ज. शब्द एकच, दिशा उलटी.

वाघबारस

या भागात दिवाळी सुरू होते ती वाघबारशीने. इतरत्र ज्या दिवशी वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा होते, त्याच दिवशी इथे शेंदूर लावलेल्या वाघोबाला पुजतात. गुराखी घरोघर जाऊन दूध, तांदूळ, गूळ जमा करतात. रानात, वाघोबाच्या ठाण्यापाशी खीर शिजते. एखादा मुलगा वाघ होतो, बाकीचे त्याला पळवून लावतात आणि गावाच्या शिवेत पुन्हा येणार नाही असं त्याच्याकडून कबूल करून घेतात. खिरीत कुणाचं दूध किती याचा हिशोब नसतो. ज्याच्याकडे जनावर नाही, तोही जेवतो. वर्षभर गावाची गुरं राखणाऱ्या गुराख्याचा मान त्या दिवशी पहिला.

हक्काचा पैसा अडकला असेल तर

बोनस लागू असूनही मिळाला नसेल, तर मुदत संपल्यावर सहायक कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते. हजेरी आणि पगाराचा कोणताही पुरावा जपून ठेवा. दुधाच्या पावत्या वर्षभर सांभाळल्या तर रिबेटचे लिटर पडताळता येतात आणि कपात कशाची झाली हे संस्थेला विचारता येतं. आणि उचलीपायी कुणाला कामावरून जाऊच देत नसतील, तर ते वेठबिगारीत येतं. 1976 च्या कायद्याने असं कर्ज आपोआप रद्द ठरतं, फेडायचं बंधन राहत नाही. तक्रार तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे करायची. 2022 मध्ये शेजारच्या इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं किरकोळ पैसे आणि मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबत असल्याचं उघड झालं, तेव्हा याच कायद्याखाली गुन्हे दाखल झाले होते.