हॅम्बुर्गच्या ऑर्गनचा जीर्णोद्धार

ऑर्गन हा शब्द कानी पडला की आपल्यातील वडीलधाऱ्यांना नाटकमंडळीची पायपेटी आठवावी हे साहजिकच आहे. पायांनी भाता मारावा, हातांनी पट्ट्या दाबाव्यात, आणि गायक नटाची तान संपण्यापूर्वीच पुढचा सूर भरून ठेवावा, अशी त्या वाद्याची चाकरी. आज मी ज्या ऑर्गनविषयी बोलणार आहे तो या पायपेटीचा पूर्वज नव्हे. फार तर वडील घराण्यातला चुलता. पेटीमध्ये धातूची पाती कंप पावतात. या चुलत्याच्या पोटात सुमारे चार हजार नळ्या आहेत. बहुतेक बासरीच्या जातीच्या, काही सनईच्या जातीच्या. सर्वांत लहान नळी बोटाएवढी, तर सर्वांत मोठी बत्तीस फुटी, म्हणजे तीनमजली घराला शोभेल अशी. तिचा सूर सेकंदाला जेमतेम अठरा कंपनांचा. तो कानांना कमी आणि बाकाच्या लाकडाला अधिक ऐकू येतो.

हा ऑर्गन जर्मनीत हॅम्बुर्ग शहरातील सेंट याकोबी या ल्यूथरपंथीय चर्चमध्ये आहे. आर्प श्निटगर या कारागिराने तो १६८९ ते १६९३ या काळात उभारला. हिंजवडीतून कामानिमित्त जर्मनीस जाणाऱ्या तरुण मंडळींची संख्या आता थोडी नाही. त्यांच्यापैकी कोणाचा मुक्काम त्या बंदरात पडला तर त्यांनी या चर्चची पायरी अवश्य चढावी.

मार्टिन ल्यूथरने सोळाव्या शतकात धर्मसुधारणेचा झेंडा उभारला तेव्हा उपासनेत गाण्याचा अधिकार सामान्य माणसाच्या हाती दिला. लोकभाषेतील पदे सगळ्या मंडळीने एकमुखाने म्हणावयाची. आपल्या कीर्तनात बुवा पद धरतात आणि मागचे टाळकरी ते उचलतात, तसे चर्चमध्ये ऑर्गनवादकाने पदाचा पाया घालून द्यावयाचा, असा प्रघात पुढे रूढ झाला. हजार कंठांना आधार द्यावयाचा तर वाद्यही त्या तोलाचे हवे. व्यापारी हॅम्बुर्गजवळ पैसा होता, ईर्षाही होती.

वाद्याची घडण मात्र कमालीची सरळ आहे. वादकाने पट्टी दाबली की तिला जोडलेली लाकडाची पातळ कामटी ओढली जाते, ती पुढची तरफ हलवते, आणि नळीखालची झडप उघडून भात्यातील हवा नळीत शिरते. बोट आणि झडप यांच्यामध्ये लाकूड आणि तार याशिवाय काही नाही. झडप हळूच उघडावी की झटक्याने, हे वादकाच्या बोटास कळते, आणि जाणत्या कानासही. पुढे वीज आली आणि बोटाचे काम बटण दाबण्यापुरते उरले. लांबारेनेच्या रुग्णालयामुळे आपल्याला ठाऊक असलेले डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर हे ऑर्गनचेही मोठे जाणकार होते. जुनी यंत्रणा टाकून कारखानी ऑर्गन बसविण्याच्या लाटेविरुद्ध त्यांनी १९०६ साली निबंध लिहिला होता.

या ऑर्गनचा मोह खुद्द बाखलाही पडला. १७२० साली येथील वादकाची जागा रिकामी झाली तेव्हा योहान सेबास्टियन बाखने अर्ज केला. नेमणूक मात्र हाइटमान नावाच्या दुसऱ्याच उमेदवाराची झाली. त्याने चर्चच्या तिजोरीत चार हजार मार्क भरले. पुढे मात्तेसोन या हॅम्बुर्गच्याच संगीतज्ञाने लिहून ठेवले आहे की, तेथील एका धर्मोपदेशकाने नाताळच्या प्रवचनात टोला हाणला: स्वर्गातून देवदूत जरी वाजवायला उतरला, तरी गाठीला पैसा नसल्यास त्याला आल्या वाटेने उडून जावे लागेल. देणगी घेऊन जागा भरण्याची विद्या आपल्याच देशात जन्मली असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे!

एकोणिसाव्या शतकात रुची पालटली आणि श्निटगरचे नाव मागे पडले. १९१७ साली महायुद्धासाठी दर्शनी भागातील कथलाच्या नळ्या सरकारजमा झाल्या. युद्धानंतर हान्स हेनी यान या लेखकाने हे वाद्य जणू नव्याने शोधून काढले, त्यासाठी पैसा उभा केला, आणि जाणत्या मंडळींना तेथे खेचून आणले. दुसऱ्या महायुद्धात मात्र लोक शहाणे झाले होते. १९४२ मध्ये नळ्या, हवापेट्या व कोरीवकाम उतरवून सुरक्षित जागी हलविण्यात आले. जून १९४४ मधील बाँबवर्षावात चर्च जळाले. बाहेरचा लाकडी सांगाडा गेला, वादकापुढील पट्ट्या गेल्या. वाद्याचे देह गेले आणि गळा तेवढा वाचला!

आता कूट प्रश्न असा की, उरलेल्या गळ्याला देह द्यावयाचा तो कोणता? आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटला की काळ्या पाषाणावर तैलरंग चढतो आणि गाभाऱ्यात चकचकीत फरशी येते. देव जुना आणि देऊळ कालचे. हॅम्बुर्गकरांनीही प्रथम घाई केली. १९५० साली ऑर्गन कसाबसा उभा केला, १९६१ पर्यंत मूळ सज्ज्यावर नेला. पण त्या घाईत काळाच्या सोयीने पुष्कळ तडजोडी झाल्या. अखेरीस युर्गेन आरेंड या कारागिराने १९९० ते १९९३ या काळात पुन्हा सर्व उलगडून श्निटगरची पद्धत शोधली, आणि दर्शनी नळ्या नव्याने ओतल्या. साठ स्वरपंक्ती, चार हातपट्ट्या आणि एक पायपट्टी असे ते वाद्य १९९३ च्या ईस्टरला पुन्हा बोलू लागले.

त्यातही मला सर्वांत धाडसी वाटते ती स्वरांची जुळणी. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडण्याची आजची रीत आरेंडने स्वीकारली नाही. हार्मोनियमचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गांधाराहून चढा लागतो, ही आपल्या गवयांची जुनी तक्रार. तिच्यापायी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी आणि क्लेमंट्ससाहेबांनी श्रुतींचा एवढा खटाटोप केला, आणि आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला दार बंद केले. याकोबीच्या ऑर्गनचा गांधार तंबोऱ्याच्या गांधाराकडे झुकतो. याची किंमतही आहे. काही दूरच्या षड्जांवरून वाजविलेले स्वर तेथे कडू लागतात, आणि पट्टीही आजच्याहून सुमारे एका स्वराने चढी. म्हणून नंतरच्या काळातील पुष्कळ रचना तेथे जशाच्या तशा वाजविता येत नाहीत. ही अडचण त्यांनी जाणूनबुजून पत्करली. माझ्या मते ते योग्यच केले.

कोणी विचारील, मग हा ऑर्गन श्निटगरचा की आरेंडचा? याचे उत्तर श्निटगरनेच देऊन ठेवले आहे. त्याला १६८९ साली कोरी जागा मिळाली नव्हती. तेथे आधीच ऑर्गन होता. शेरर घराण्याच्या आणि फ्रिट्श याच्या हातच्या नळ्या त्याने पारखून पाहिल्या, चांगल्या तेवढ्या ठेवल्या, आणि स्वतःच्या नळ्यांच्या शेजारी बसविल्या. त्या आजही तेथे वाजत आहेत.