गोदीत उभं जहाज तुटलं, तेव्हा

१६ जानेवारी १९४३ ची रात्र. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या गोदीत 'स्केनेक्टडी' नावाचं कोरं तेलवाहू जहाज शांत पाण्यात उभं होतं. ना वादळ, ना टक्कर, ना टॉर्पेडो. आणि अचानक प्रचंड आवाज होऊन डेक फाटला, दोन्ही बाजू फाटल्या. तळाच्या पत्र्यांनी तेवढे दोन तुकडे धरून ठेवले.

ही घटना एकटी नव्हती. महायुद्धात अमेरिकेने २,७०० हून जास्त 'लिबर्टी' मालवाहू जहाजं घाईघाईने बांधली. त्यातल्या अनेकांना अशाच भेगा पडल्या, काही तर मधोमध तुटली. अशा जहाजांवर माणसं होती आणि खाली उत्तर अटलांटिकचं गोठवणारं पाणी.

पहिला संशय वेल्डिंगवर. ते साहजिकच होतं. जुन्या जहाजांत पत्रे रिव्हेटने जोडलेले असत. भेग पडली तरी बहुधा पत्र्याच्या कडेला थांबायची. वेल्डिंगने सगळं जहाज सलग झालं आणि भेगेला रस्ता मोकळा मिळाला. शिवाय डेकवरच्या झाकणांचे कोपरे चौकोनी, तिथे ताण एकवटायचा. पण केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिलं की मूळ दुखणं पोलादातच आहे. एका ठराविक तापमानाखाली तेच पोलाद ताणलं जाण्याऐवजी काचेसारखं तडकत होतं.

आता तुम्ही विचाराल, थंडीत असं काय बिघडतं?

पोलादाचा तुकडा गुळगुळीत घासा, त्यावर सौम्य आम्ल लावा आणि मायक्रोस्कोपखाली ठेवा. फरसबंदीसारखे कण दिसतील. प्रत्येक कण म्हणजे एक स्फटिक. शेजाऱ्याची दिशा वेगळी. पोलाद वाकतं तेव्हा कणांच्या आत अणूंच्या रांगांमधले दोष सरकतात. आम्ही त्यांना डिसलोकेशन म्हणतो. थंडीत हे सरकणं अवघड होतं, म्हणून ताण वाढत जातो. शेवटी वाकण्याआधीच स्फटिक चिरतो.

इथे कणांचा आकार महत्त्वाचा ठरतो. १९५१ मध्ये हॉल यांनी दाखवलं की कण जितके बारीक, तितका पोलादाला वाकवायला जास्त ताण लागतो. १९५३ मध्ये पेच यांना तुटण्याच्या ताणासाठीही तसंच नातं सापडलं. हिशेब असा: कणाचा व्यास एक चतुर्थांश केला, तर कणांमुळे मिळणारी ताकद दुप्पट. कारण सोपं आहे. कणाची सीमा सरकत्या दोषाला अडवते, आणि भेगेलाही तिथे दिशा बदलावी लागते.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वात मोलाची गोष्ट हीच. कार्बन वाढवा, ताकद वाढेल, पण चिवटपणा जाईल. पोलादाची ताकद वाढवायचे बहुतेक उपाय असाच मोबदला मागतात. कण बारीक करणं हा जवळजवळ एकमेव उपाय असा, की ताकदही देतो आणि चिवटपणाही. म्हणून पुढे पोलादात निओबियम टाकायला लागले, तेही टक्क्याचे काही शतांशच. तापमान सांभाळून लाटताना हे निओबियम कणांना मोठं होऊ देत नाही. तेलाच्या पाइपलाइन, पूल, जहाजं यांत असं पोलाद आज सर्रास असतं.

मग प्रश्न सुटला का? नाही, फक्त जागा बदलली. आजच्या गाड्यांच्या सांगाड्यात 'ड्युअल फेज' पोलाद वापरतात: मऊ फेराइटमध्ये कडक मार्टेन्साइटची बेटं. ही बेटं ताकद देतात, पण ताण वाढला की बेटाच्या कडेला बारीक पोकळी उघडते, किंवा बेटच चिरतं. पोकळ्या एकमेकींना मिळाल्या की पत्रा फाटतो. म्हणजे ज्याने ताकद दिली, तिथूनच तुटायला सुरुवात. बेटं किती, केवढी आणि कशी पसरलेली, यावर सगळं अवलंबून. आमच्यासारख्यांची संशोधनाची वर्षं याच हिशेबात जातात.

तेव्हा पुढच्या वेळी जाहिरातीत 'दुप्पट मजबूत पोलाद' वाचलंत, तर एक प्रश्न जरूर विचारा: मजबूत आहे ते ठीक, पण तुटायची वेळ आली तर आधी वाकून सांगेल, की 'स्केनेक्टडी'सारखं न सांगताच तुटेल?