सेल्युलॉइडच्या वस्तू : क्षय आणि जतन

मनुष्याने सिद्ध केलेल्या प्लॅस्टिक द्रव्यांत सेल्युलॉइड हे व्यापारदृष्ट्या यशस्वी झालेले पहिले द्रव्य होय. कापसातील सेल्युलोजवर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून मिळणाऱ्या पदार्थात कापूर मिसळला म्हणजे ते तयार होते. अलेक्झांडर पार्क्स याने १८६२ च्या लंडन येथील प्रदर्शनात याच जातीचे द्रव्य मांडले. पुढे अमेरिकेत बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताचा पर्याय शोधताना जॉन वेस्ली हायट याने १८७० मध्ये कापूरयुक्त द्रव्याचे एकस्व मिळविले. फण्या, बाहुल्या, चाकूंच्या मुठी आणि १८८९ पासून छायाचित्रणाची फिल्म, असा त्याचा विस्तार झाला.

या द्रव्याचा शत्रू मात्र त्याच्याच घटनेत आहे. कालांतराने त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन त्यांचे आम्ल बनते आणि ते आम्ल विघटनाचा वेग आणखी वाढविते. वस्तू पिवळी पडणे, तिला बारीक तडे जाणे, जवळच्या धातूवर गंज चढणे ही त्याची लक्षणे होत. म्हणूनच मौल्यवान वस्तू हवाबंद पेटीत जपण्याची स्वाभाविक वृत्ती येथे घातक ठरते, कारण बाहेर पडलेली वाफ तेथेच कोंडून राहते.

स्वच्छतेसाठी मऊ कोरडे फडके बहुधा पुरेसे असते. मळ चिकट असल्यास किंचित ओलसर फडके फिरवून वस्तू लगेच कोरडी करावी. ॲसिटोन व स्पिरिट वर्ज्य, कारण त्यांनी पृष्ठभाग विरघळतो वा मऊ पडतो. ठेवण्याची जागा थंड, कोरडी, अंधारी व हवेशीर असावी. क्षय सुरू झालेली वस्तू इतरांपासून तत्काळ वेगळी करावी आणि कोणतीही सेल्युलॉइडची वस्तू ज्योतीजवळ नेऊ नये.

फण्या-बाहुल्यांपेक्षा फिल्मच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण तेथे द्रव्याबरोबर त्यावरील चित्रही नष्ट होते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. आज त्याचा काही अंशच उपलब्ध आहे. नायट्रेट फिल्म एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते, कारण ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळे मोठ्या प्रमाणावर भस्मसात झाली. अशा आपत्तीनंतर उरते ते तेवढेच, जे वेळीच दुसऱ्या फिल्मवर उतरविले गेले. तात्पर्य, योग्य निगेने सेल्युलॉइडचा क्षय लांबविता येतो, थांबविता येत नाही. चित्रपटाच्या जतनात प्रत घेण्याचे काम म्हणूनच सर्वप्रथम करावयास हवे.