भारचाचणीचे महत्त्व : हेल्थकेअर.गव्हचा अनुभव (२०१३)

प्रस्तावना : कृत्रिम वापरकर्त्यांचा भार टाकून संगणकप्रणालीची क्षमता आधीच तपासणे म्हणजे भारचाचणी अर्थात लोड टेस्टिंग होय. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील एका घटनेच्या आधारे तिचे महत्त्व तपासले आहे.

विवेचन : २०१० च्या आरोग्यविमा कायद्यानुसार अमेरिकेच्या संघशासनाने १ ऑक्टोबर २०१३ रोजी हेल्थकेअर.गव्ह हे संकेतस्थळ सुरू केले. एका वेळी ५० ते ६० हजार वापरकर्ते अपेक्षित होते. प्रत्यक्षात सुमारे अडीच लाख आले. विमायोजना पाहण्यापूर्वीच खाते उघडण्याची अट असल्याने सारा भार त्याच टप्प्यावर साचला. पहिल्या दिवशी अवघ्या ६ जणांची नोंदणी पूर्ण झाली. मात्र दोष केवळ गर्दीचा नव्हता. प्रणालीचे भाग सुटे सुटे तपासले गेले. संपूर्ण साखळीची चाचणी अखेरच्या दोन आठवड्यांतच झाली, असे कंत्राटदारांनी २४ ऑक्टोबरला प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे सांगितले. दुरुस्तीनंतर १ डिसेंबरला, एका वेळी ५० हजार वापरकर्ते सामावण्याची क्षमता आल्याचे शासनाने जाहीर केले.

निष्कर्ष : भारचाचणी ही अखेरची औपचारिकता नव्हे. ती लवकर, संपूर्ण साखळीवर आणि अपेक्षेहून अधिक भाराने व्हावयास हवी. अन्यथा चाचणीची किंमत विम्याविना राहिलेल्या नागरिकास मोजावी लागते.